स्ट्रिकलंडचा डोडोग्रंथ : साक्षीपुराव्याची चिकित्सा

ह्यू एडविन स्ट्रिकलंड व अलेक्झांडर गॉर्डन मेल्व्हिल यांचा ‘द डोडो अँड इट्स किंड्रेड’ हा ग्रंथ १८४८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याचा उत्तरार्ध मेल्व्हिलचा असून त्यात डोडोच्या उरल्यासुरल्या अवशेषांचे शरीररचनेच्या दृष्टीने विवेचन आहे. पूर्वार्ध स्ट्रिकलंडचा, त्यात जुन्या प्रवासवृत्तांची छाननी आहे. प्राणिशास्त्रज्ञांनी उत्तरार्धाचा गौरव करावा हे स्वाभाविकच होय. तथापि भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ग्रंथाचा प्राण पूर्वार्धात आहे. जो प्राणी जवळजवळ केवळ शब्दांतच शिल्लक उरला आहे, त्याच्याविषयीचे ज्ञान कसे मिळवावयाचे, हा प्रश्न येथे शिस्तीने हाती घेतलेला दिसतो. या पूर्वार्धाचे यश कोठे आहे आणि तो कोठे फसला आहे, हे पाहण्याची सोय आज झाली आहे; कारण गेल्या पावणेदोनशे वर्षांत जमिनीतून निघालेली हाडे स्ट्रिकलंडच्या निर्णयांवर साक्ष देऊ लागली आहेत.

विषयाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी : हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस, रियुनियन (जुने नाव बूर्बाँ) आणि रॉड्रिग्स ही तीन बेटे आहेत. ती ज्वालामुखीतून वर आलेली आहेत. कोणत्याही खंडाशी त्यांचा भूमार्गाने संबंध कधीच आला नाही. वटवाघळांखेरीज एकही सस्तन प्राणी तेथील भूमीवर स्वतःच्या बळावर पोहोचला नव्हता. उडत आलेल्या पक्ष्यांच्या वंशजांना जमिनीवर शत्रू नव्हता, आणि पिढ्यान्‌पिढ्या पंखांचे काम उरले नाही. कबुतराच्या कुळातून मॉरिशसवर डोडो आणि रॉड्रिग्सवर त्याचा भाऊबंद ‘सॉलिटेअर’, म्हणजे एकांडा, हे पक्षी अशा रीतीने निर्माण झाले. दोघेही प्रदेशनिष्ठ, आपापल्या बेटाबाहेर त्यांचे अस्तित्वच नव्हते. १५९८ साली डच खलाशी मॉरिशसला उतरले. माणसांच्या मागोमाग डुकरे, माकडे, उंदीर आले, आणि शंभर वर्षे पुरती उलटण्यापूर्वी डोडो नाहीसा झाला. अठराव्या शतकात सॉलिटेअरही त्याच वाटेने गेला. मनुष्याच्या हातून एखादी जाती नष्ट झाल्याचे हे पहिले निश्चित उदाहरण होय, असे स्ट्रिकलंडने स्पष्ट म्हटले आहे. १८४८ साली असे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती.

ग्रंथकर्त्यांपुढे साहित्य किती होते? ऑक्सफर्ड येथे एक डोके व एक पाय, कोपनहेगन येथे एक कवटी, लंडन येथे एक पाय, रॉड्रिग्सच्या गुहांतली थोडी हाडे, काही तैलचित्रे, आणि खलाशांचे वृत्तांत. एवढ्या सामग्रीवर डोडो हा कबुतराच्या कुळातला पक्षी ठरविणे हा मोठा निर्णय होता. लिनीअसने त्यास शहामृगाजवळ बसविले होते, द ब्लँव्हीलने गिधाडाजवळ. कबुतराची कल्पना प्रथम डेन्मार्कच्या राइनहार्टने मांडली. ती सप्रमाण सिद्ध केली या ग्रंथाने. २००२ साली ऑक्सफर्डच्या अवशेषातील जनुकद्रव्याच्या तपासणीने तीस दुजोरा मिळाला, आणि डोडोचा जवळचा जिवंत नातलग म्हणजे निकोबारी कबूतर हे निष्पन्न झाले. या बाजूने ग्रंथावर आक्षेप घेण्यास जागाच नाही.

परंतु शरीर कबुतराचे ठरले, तरी पक्ष्याचे जीवन हाडांत नसते. तो कसा चाले, काय खाई, कोणत्या साली शेवटचा दिसला, हे सांगणारे साक्षीदार खलाशीच. स्ट्रिकलंडने त्यांना कालक्रमाने उभे केले. स्वतः पाहिलेले कोण आणि दुसऱ्याचे उतरवून घेणारे कोण हे वेगळे केले. एका वृत्तांतातील मजकूर दुसऱ्यात कसा गेला याचा माग काढला. पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्यास ही पद्धत मुळीच परकी वाटणार नाही. तिचे सर्वोत्तम फळ रॉड्रिग्सच्या प्रकरणात दिसते.

फ्रान्स्वा लगा हा फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित १६९१ ते १६९३ या काळात मूठभर सोबत्यांसह रॉड्रिग्सवर राहिला. त्याचे प्रवासवृत्त १७०८ साली निघाले. त्यात सॉलिटेअरचे जे वर्णन आहे तसे कोणत्याही लुप्त पक्ष्याचे क्वचितच मिळेल. नर-मादीची चाल, घरट्याची रचना, जोडप्याने आपला प्रदेश राखणे हे सारे त्यात आहे. पक्षी गिरक्या घेत पंख फडफडवी तेव्हा खुळखुळ्यासारखा आवाज होई आणि तो दोनशे पावलांवर ऐकू येई, असे लगा सांगतो. पकडल्यावर तो ओरडत नसे, त्याच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाही, आणि अन्न वर्ज्य करून तो मरे. याच ओघात एक क्षुल्लकसे वाक्य आहे : पंखाचे हाड टोकाशी फुगून पिसांखाली बंदुकीच्या गोळीएवढी गाठ झालेली असते. ही गाठ कोणत्याही ज्ञात कबुतरास नव्हती. स्ट्रिकलंडपाशी ती पडताळून पाहण्यास योग्य ते हाडही नव्हते. तरीही त्याने लगाला विश्वसनीय साक्षीदार मानले. वर्णनात जागोजाग मोजमाप आहे आणि आश्चर्य वाटावे म्हणून सांगितलेले काही नाही, हे त्याने ओळखले.

पुढे १८६०च्या दशकात एडवर्ड व आल्फ्रेड न्यूटन या बंधूंनी रॉड्रिग्सच्या गुहांतील हाडांच्या मोठ्या संग्रहाचा अभ्यास केला, आणि पंखाच्या हाडावरची ती गाठ हातात आली. अठराव्या शतकातील ताफोरे नामक दुसऱ्या एका रहिवाशाचा हस्तलिखित वृत्तांतही पॅरिसच्या दप्तरखान्यात सापडला. त्यातही पंखावरच्या त्या गोळ्याचा उल्लेख आहे. आता यापुढची गोष्ट भाषा-साहित्याच्या क्षेत्राला भूषणावह नाही. १९२१-२२च्या सुमारास जेफ्री अ‍ॅटकिन्सन या वाङ्मयेतिहासकाराने लगाचा सारा प्रवास कल्पित ठरविला. त्याचा युक्तिवाद असा, की पुस्तकात इतर ग्रंथांतून उचललेले उतारे आहेत, शैली त्या काळच्या काल्पनिक प्रवासकथांची आहे, म्हणून प्रवासही कल्पित. उचललेले उतारे आहेत हे खरेच आहे. पण उसनवारी सिद्ध झाल्याने उरलेला मजकूर खोटा ठरत नाही. आणि पन्नास वर्षांपूर्वी छापून निघालेली हाडे पाहण्याचे कष्ट घेतले असते तर हा निष्कर्ष टिकलाच नसता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉरिशसच्या आल्फ्रेड नॉर्थ-कूम्ब्स याने लगाची बाजू सविस्तर मांडून हा वाद मिटविला. जे वाङ्मयेतिहासकाराला कळले नाही ते एका प्राणिशास्त्रज्ञाला सात दशके आधी कळले होते, ही या पूर्वार्धाची खरी थोरवी.

मग तोच स्ट्रिकलंड रियुनियनच्या प्रकरणात कसा फसला? साक्षीदार येथेही होते, आणि त्यांतला एक उत्तम होता. द्युब्वा हा फ्रेंच प्रवासी १६७१-७२ साली बेटावर होता. त्याचे पुस्तक १६७४चे. त्याच्या मते तेथील ‘सॉलिटेअर’ पांढरा, पंखांची व शेपटीची टोके काळी, मान लांब, चोच पाणलाव्यासारखी पण मोठी. तो फार थोडा उडतो, म्हणून धावून पकडता येतो. फार थोडा उडतो, म्हणजे उडतोच. लांब चोच ही डोडोची आकडेदार जाड चोच नव्हे. हे शब्द समोर असूनही स्ट्रिकलंडने हा पक्षी डोडोच्या आप्तवर्गात, न उडणाऱ्या पक्ष्यांत बसविला. त्याचे कारण दुहेरी दिसते : शेजारच्या दोन्ही बेटांवर असे पक्षी होते, म्हणून तिसऱ्यावरही असणारच, ही सममितीची ओढ, आणि नाव. रॉड्रिग्सच्या पक्ष्यालाही सॉलिटेअरच म्हणत. परंतु लगाची मंडळी मुळात रियुनियनला जाण्यास निघाली होती. त्या बेटाच्या स्तुतिपर पुस्तिकेत वाचलेले नाव त्यांनी रॉड्रिग्सवर पाहिलेल्या वेगळ्याच पक्ष्याला दिले असणे संभवनीय आहे. म्हणजे नाव एका बेटावरून दुसऱ्यावर गेले, आणि अभ्यासकांनी त्या नावामागून नातेही नेले.

परिणाम विलक्षण झाला. १८४८ सालीच बेल्जियमच्या सेली-लाँशाँ याने या पक्ष्याला ‘आप्टेरॉर्निस’, म्हणजे पंखहीन पक्षी, असे शास्त्रीय नाव दिले. त्यात सतराव्या शतकातल्या पांढऱ्या डोडोच्या चित्रांची भर पडली. १९०७ साली रॉथशिल्डच्या लुप्त पक्ष्यांवरील ग्रंथात पांढरा डोडो सन्मानाने विराजमान झाला. जपानच्या हाचिसुका याने तर रियुनियनवर डोडो आणि सॉलिटेअर असे दोन स्वतंत्र पक्षी मानून त्यांना वेगवेगळी नावे बहाल केली. नावे वाढत गेली, हाड मात्र एकही नव्हते. १९७४पासून रियुनियनवर हाडे मिळू लागली. ती डोडोची नव्हती, शराटीची होती. १९९५ साली मूरेर-शोव्हिरे व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की द्युब्वाचा सॉलिटेअर हाच हा शराटी : पांढरे अंग, काळी टोके, लांब चोच, थोडे उडणे, सर्व जुळते. चित्रांचा उलगडा ह्यूम व चेक यांनी २००४ साली केला. ती रियुनियनच्या पक्ष्यावरून नव्हे, तर मॉरिशसच्या एका फिकट डोडोच्या जुन्या चित्रावरून उतरलेली होती. पांढरा डोडो हा पक्षी निसर्गात कधी झालाच नाही. तो एका नावाच्या पोटी जन्मला आणि दीडशे वर्षे जगला.

डोडोच्या नावाचा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे; येथे एवढेच पाहावयाचे की ही नावे पक्ष्यापेक्षा माणसाविषयी अधिक सांगतात. डचांचे पहिले नाव ‘वाल्गफोगल’, किळस आणणारा पक्षी. कारण मांस जितके शिजवावे तितके चिवट होई. हे नाव पक्ष्याचे नसून जेवणाऱ्याचे आहे. पुढचे ‘डोडार्स’, बुडाशी पिसांचा झुबका असलेला. ‘डोडो’ हा पोर्तुगीज ‘वेडा’ या अर्थाच्या शब्दावरून आला हे जुने मत हर्बर्टपासून चालत आले, पण पोर्तुगिजांनी हा पक्षी पाहिल्याची एकही नोंद नाही. पारव्याच्या घुमण्यासारख्या दुहेरी आवाजावरून ते पडले असावे ही कल्पना आकर्षक आहे. पुरावा तिलाही नाही. लिनीअसने १७६६ साली ‘इनेप्टस’, म्हणजे अजागळ, हे विशेषण जोडले. विशेष हे, की १८४२ साली प्राणिनामकरणाचे नियम मुख्यतः स्ट्रिकलंडनेच तयार केले होते, आणि त्यांत गणना १७६६च्याच आवृत्तीपासून होती. त्यामुळे अजागळ हे नाव त्याच्या नियमाने कायम राहिले. पुढे ही मर्यादा १७५८वर नेण्यात आली, आणि लिनीअसचेच आधीचे ‘कुकुलाटस’, टोपडेवाला, हे निरुपद्रवी नाव परत आले. चुकीचा समज पसरविणारे नाव बदलता येते अशी सवलत स्ट्रिकलंडच्याच नियमांत होती. ती त्याने येथे वापरली नाही.

नाव वस्तूपेक्षा जास्त जगते, याचे उदाहरण तर ग्रंथातच आहे. स्ट्रिकलंडने डोडोची शेवटची साक्ष म्हणून बेंजामिन हॅरी याची १६८१ सालची नोंद घेतली. तीत डोडोचा उल्लेख आहे आणि मांस कठीण असल्याचेही म्हटले आहे. परंतु डोडोचे निःसंदिग्ध वर्णन करणारा शेवटचा साक्षीदार १६६२ सालचा डच खलाशी एव्हर्ट्स होय. अँथनी चेक याने २००६ साली असे प्रतिपादिले, की त्यानंतर मूळ पक्षी उरला नव्हता आणि ‘डोडो’ हे नाव बेटावरच्या दुसऱ्याच एका न उडणाऱ्या, तांबूस पिसांच्या पाणकोंबडीला लागू झाले होते. या मतावर एकवाक्यता नाही. काही अभ्यासक सतराव्या शतकाच्या नवव्या दशकातील नोंदी खऱ्या डोडोच्याच मानतात. मात्र प्रश्न प्राणिशास्त्राचा राहिला नसून अर्थसंक्रमणाचा झाला आहे, हे उघड आहे. वर्णनावाचून आलेले नुसते नाव पुराव्यात किती धरावे, याचा निकष स्ट्रिकलंडने ठरविला असता तर त्याने १६८१वर एवढा भार टाकला नसता.

चित्रांच्या बाबतीत त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. युरोपातील चित्रकारांनी रंगविलेला लठ्ठ पक्षीच त्याच्यासमोर होता; त्यावरून तो डोडोस पंखहीन, पिसे न फुटलेल्या महाकाय पिलाची उपमा देतो. सुरतेस दोन डोडो आणल्याची नोंद पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने केली होती, आणि उस्ताद मन्सूर याचे मानले जाणारे मोगल शैलीतले चित्र सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहात होते. पण ते अभ्यासकांपुढे आले १९५८ साली. त्यातला डोडो ताठ उभा व बऱ्यापैकी सडपातळ आहे. शिवाय स्ट्रिकलंडने त्याच प्रकरणात बजावले आहे, की अशा प्राण्यांना अपूर्ण म्हणू नये. प्राण्याची पूर्णता अवयवांच्या संख्येत नसून परिस्थितीशी त्यांच्या जुळणीत असते. डार्विनचा ग्रंथ निघण्यास अकरा वर्षे होती. १८५३ साली रेल्वेच्या खोदकामातील स्तर पाहत असता गाडीखाली सापडून स्ट्रिकलंडचा अंत झाला, आणि १८६५ साली मॉरिशसच्या मार ओ साँज या दलदलीत जॉर्ज क्लार्कच्या मजुरांच्या अनवाणी पायांना चिखलातली डोडोची हाडे लागली, ती पाहण्यास तो नव्हता. त्या मजुरांची नावे कोणत्याही साक्षीदारांच्या यादीत नाहीत.

स्ट्रिकलंडच्या यादीतला एक पक्षी मात्र आजही केवळ शब्दांत आहे. रियुनियनचा ‘निळा पक्षी’ द्युब्वानेच नोंदविला : आकार सॉलिटेअरएवढा, पिसे निळी, चोच व पाय तांबडे, तो उडत नाही, पण कुत्र्यालाही धरता येऊ नये इतका वेगाने पळतो. जांभळ्या पाणकोंबडीचा तो नातलग असावा असे मानतात. हाड अद्याप एकही मिळालेले नाही. ज्या लेखणीने शराटीच्या पंखांची काळी टोके टिपली, तीच याचे पाय कोंबडीसारखे होते असे सांगते.