कंपूतला शिपाई

नेपोलियनच्या काळातले प्लास्टिकचे सैनिक एका चौकटीला चिकटलेले येतात. उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर. कटरने सुटे करायचे, भांड्यांच्या साबणाने धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग प्रायमर, मग बारीक ब्रशने ॲक्रिलिक. प्लास्टिक मऊ असतं, बंदूक जरा वाकली की रंगाचा पापुद्रा निघतो आणि पुन्हा पहिल्यापासून. कांजूरमार्गच्या आमच्या वन बीएचकेत, ऑफिसचा लॅपटॉप बंद झाल्यावर, त्याच टेबलावर माझं हे चालतं.

छंद म्हणून सुरू केलं होतं. पण रंगवताना एकेका सैनिकाकडे तासतासभर बघावं लागतं आणि बघता बघता आपण त्याचं वाचन करायला लागतो. कादंबरीत आपण विचारतो की कोणाला चेहरा दिलाय आणि कोण नुसतं गर्दीत उभं आहे. तोच प्रश्न या डब्याला विचारायला काय हरकत आहे?

एअरफिक्सची वॉटर्लू मालिका घ्या. हायलँडर, फ्रेंच इम्पीरियल गार्ड, घोडदळ, तोफखाना. पोशाखाचं ज्ञान थक्क करणारं: पट्टे कुठे एकमेकांना छेदतात, काडतुसांची पेटी कुठल्या बाजूला, टोपीवर तुरा कसा. कॉलरचा रंग चुकला तर पलटण बदलते. पण चेहरे? नाक म्हणून एक उंचवटा आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे. साचा दोन पोलादी अर्ध्यांचा असल्यामुळे हात शरीरालगतच ठेवावे लागतात. सैनिक थोडा चपटा, कागदातून कापल्यासारखा होतो. नेम धरणारा, गुडघा टेकलेला, बंदूक ठासणारा. या डब्याला पलटण पाठ आहे, माणूस नाही.

याच्या अगदी उलट आपला दिवाळीतला मावळा. भांडुपच्या फुटपाथवर ऑक्टोबरात मांडलेला, मातीचा किंवा प्लास्टरचा. ढाल-तलवार, छाती पुढे, मिशा ठसठशीत. पोशाखाचा तपशील कोणी तपासत नाही. किल्ल्यावर महाराज महादरवाजापेक्षा उंच असतात, शेजारी गुहेत वाघ, खाली हळिवाच्या हिरवळीत गवळण आणि भाजीवाली. ही चूक नाही. इथलं प्रमाण भक्तीचं आहे, फुटपट्टीचं नाही. कला म्हणून मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते अचूकपणाचा आव आणत नाही. पण एक गोष्ट खटकते. या किल्ल्यावर शत्रू नसतो, जखमी नसतो, हरलेला तर नसतोच.

या दोन्ही खेळण्यांच्या मधोमध एक सैनिक हरवलाय. त्याला शोधायला जालना जिल्ह्यात जावं लागतं. भोकरदन तालुक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि आर्थर वेलस्लीची लढाई झाली. वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. हाच पुढे वेलिंग्टन झाला, १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. मुंबईत रिगलसमोर त्याच्या नावाचं कारंजं आहे. मी कित्येकदा त्याच्यासमोर बसची वाट बघितलीय. म्हणजे नेपोलियनच्या काळातली एक मोठी लढाई आपल्याच मातीत झाली आणि मी मात्र बेल्जियममधली रंगवत बसलो होतो.

असईला शिंद्यांचं बळ होतं कवायती पायदळात. महादजी शिंद्यांनी १७८४मध्ये द बॉईन या युरोपियन सेनानीला नोकरीत घेतलं आणि या पलटणी उभ्या राहिल्या. त्यांना मराठीत कंपू म्हणत. आज कॉलेजातल्या टोळक्याला आपण कंपू म्हणतो, तोच शब्द. त्यातले कितीतरी शिपाई दोआब आणि अवधकडचे. हातात बंदूक आणि संगीन, कवायत युरोपियन, कपडे कंपनीच्या शिपायांच्या धर्तीचे. त्या दिवशी त्यांचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा होता. समोर वेलस्लीकडे दोन हायलँडर पलटणी, पण पायदळात जास्त मद्रासचे शिपाई. आणि त्याच्या बाजूने पेशव्यांचे मराठी घोडेस्वारही होते, कारण आदल्याच डिसेंबरात वसईचा तह झाला होता.

शिंदे हरले, नव्वदहून जास्त तोफा गेल्या. पण वेलस्लीचेही पंधराशेहून अधिक ठार-जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, इंग्रजी रांग पुढे गेल्यावर उठले आणि त्याच तोफा तिच्या पाठीवर वळवल्या.

हा गोलंदाज मी विकत घेतलेल्या एकाही डब्यात नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरही नाही. तिकडे तो नाही, कारण युरोपच्या नकाशाबाहेर मेला. इकडे नाही, कारण हरला. आणि हरण्याहून मोठा गुन्हा म्हणजे तो ‘आपल्यासारखा’ दिसत नाही. पागोटं आणि ढाल-तलवार नसलेला मराठी फौजेतला शिपाई डोळ्यांपुढे आणायची आपल्याला सवयच नाही. दोन्ही खेळणी मला आवडतात. पण दोन्ही एकच लबाडी करतात: आपल्याला जे बघायचं असतं तेवढंच ओततात.

म्हणून मी इंग्रजी पायदळाच्या टोप्या ब्लेडने कापल्या आणि पुटीची पागोटी चढवली. चेहऱ्यांपाशी अडलो. बाटलीवर ‘फ्लेश’ लिहिलेला रंग गुलाबी निघाला. त्यात तपकिरी मिसळत गेलो, प्रत्येकासाठी थोडा वेगळा. बारा जण व्हायला पाच महिने लागले.

दिवाळीत सोसायटीच्या किल्ल्यापाशी घेऊन गेलो. तिथला सहावीतला मुलगा हातात घेऊन म्हणाला, “दादा, हे आपले की त्यांचे?” मी म्हटलं, शिंद्यांचे. त्याने बंदूक निरखली. “पण महाराजांच्या वेळी असे नव्हते ना?” बरोबर होतं त्याचं, मधे सव्वाशे वर्षं गेली होती. त्याने बाराही जण परत दिले, एकाचीही संगीन न वाकवता. ते आता माझ्या मॉनिटरखाली उभे आहेत. पुढच्या वर्षी किल्ल्याशेजारी दोन नद्या काढून द्यायचं त्याने कबूल केलंय. तोपर्यंत मला तोफा करायच्या आहेत, आणि त्यांच्यापाशी आडवे पडलेले दोन गोलंदाज.