ऑपेराला इथे काय म्हणायचं?

ऑपेरा म्हटलं की झुंबरं, मखमली खुर्च्या आणि न कळणारी इटालियन डोळ्यांपुढे येते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात हा शब्द काढला तर लोक हसतील. पण पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तचा 'थ्रीपेनी ऑपेरा' मराठीत आणला, तेव्हा नाव ठेवलं 'तीन पैशाचा तमाशा'. थिएटर अकादमीने १९७८ साली केलेलं नाटक. ऑपेराला इथला शब्द कोणता, हे शीर्षकातच सांगून टाकलं होतं.

मग नवा 'ऑपेरा' आपल्याकडे तयार कसा होतो? युरोपात एखादी मोठी संस्था संगीतकाराला काम देते, पैसे देते, पुढची काही वर्षं लिहिणं, तपासणं, तालमी. आपल्याकडे ही प्रयोगशाळा म्हणजे एकांकिका स्पर्धा. नाशिकच्या प्राजक्त देशमुखचं 'संगीत देवबाभळी' आधी एकांकिका होतं. भद्रकालीने ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, दोनच बायका, आणि त्या रंगमंचावरच गातात. आनंद ओक यांचं संगीत नाटकाला थांबवत नाही. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट बाजूला बसून पान खायची. इथे गाण्यातच भांडण पुढे सरकतं. माझी तक्रार एकच. काही संवाद टाळीसाठी फार घोटलेले आहेत. आवली जितकी साधं बोलते, तितकी जास्त लागते.

पण मला खरं अस्वस्थ केलं ते शेजारच्या जालना जिल्ह्याने. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ च्या सुमारास आलं. राजकुमार तांगडे यांचं लेखन, संभाजी भगत यांची कल्पना, गीतं आणि संगीत, नंदू माधव यांचं दिग्दर्शन. नट बहुतेक जालन्याकडचे, खेड्यापाड्यातले. यामुळे भाषा आपोआप बदलली: पुण्या-मुंबईच्या नाटकातली 'ग्रामीण' बोली नव्हे, आपल्या बसस्टँडवर ऐकू येणारी. पोवाडा इथे सजावट नाही. महाराज नेमके कोणाचे, हा वादच गाऊन लढला जातो. वाद गद्यात घातला असता तर पाच मिनिटांत भाषण झालं असतं. शाहिरी सुरात मात्र समोरची बाजूही कानात शिरते, पाय ताल धरतो, आणि मग लक्षात येतं की आपण ज्याला ताल दिला तो विचार आपल्या घरात चालत नाही. ऑपेराकडून याहून जास्त काय हवं?

कुठल्याही ऑपेरा हाऊसची मदत न घेता हे झालं. (मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं, छान झालं, पण सुंदर इमारत आपोआप नाटक लिहीत नाही.)

माझ्या शहरात मात्र नाट्यगृह म्हणजे बाहेरचं नाटक उतरवून घ्यायची जागा, असा समज पक्का आहे. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं जातं, पोरं स्पर्धा गाजवतात, मग सीरियलसाठी मुंबईची गाडी पकडतात. त्यात चूक नाही, पोट आहे. पण संगीतप्रधान नाटकाला गाणारा नट, ढोलकीवाला, पेटीवाला महिनोन्महिने एकत्र लागतात. हा खर्च स्पर्धेच्या बक्षिसातून निघत नाही, आणि निर्माता तो उचलतो तेव्हा नाटक बहुधा आधीच कुठेतरी जिंकलेलं असतं. मधल्या काळातली तालीम कुणाच्याच हिशोबात नसते.

आमच्या रंगमंदिराला संत एकनाथांचं नाव आहे. त्यांचं पैठण याच जिल्ह्यात. भारुड म्हणजे गाणं, सोंग, चावट विनोद आणि थेट समाजाला टोचणं, सगळं एकत्र. ते बघून कुणी विंचू चावल्यासारखं तडफडावं, असं नवं नाटक इथल्याच पोरांनी, इथेच, बसवलेलं मला बघायचंय. तिकीट मी काढतो.