गर्भारपणातील वाक्ताडन : एका प्रश्नाची चिकित्सा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गर्भारपणातील छळासंबंधी जो प्रश्न विचारण्यात आला, त्याचा आशय असा की, गरोदर असताना कोणी आपणांस मारले, थोबाडीत दिली, लाथ मारली किंवा अन्य रीतीने शारीरिक इजा केली काय? उत्तरांवरून विवाह झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.१ टक्के स्त्रियांना असा अनुभव आल्याचे नोंदले गेले. त्याच प्रश्नावलीत पतीकडून होणाऱ्या भावनिक छळाविषयी तीन प्रश्न आहेत : चारचौघांत अपमान, इजा करण्याची धमकी, आणि स्वतःविषयी वाईट वाटावे असे बोलणे. परंतु या तीन प्रश्नांचा गर्भारपणाशी सांधा जोडलेला नाही. परिणामी त्या नऊ महिन्यांत पती काय बोलला याला या तक्त्यात रकानाच उरत नाही. प्रस्तुत टिपणात या उणिवेची भाषिक बाजू तपासावयाची आहे.

ही उणीव किरकोळ नव्हे. ब्राझीलमधील रेसिफे येथे लुदेर्मीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांचा प्रसूतीनंतरपर्यंत मागोवा घेतला. त्यांचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासिलेल्या १,०४५ स्त्रियांपैकी २७० जणींना प्रसूत्युत्तर नैराश्य आढळले. छळाच्या प्रकारांत मानसिक छळ सर्वाधिक होता, आणि तो जितका वारंवार, तितके नैराश्याचे प्रमाण अधिक होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मानसिक छळ व अन्य घटक हिशेबात धरल्यावर मारहाणीचा नैराश्याशी दिसणारा संबंध बराच क्षीण झाला, मानसिक छळाचा संबंध मात्र टिकून राहिला. संबंध आढळला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नव्हे, हे खरे. तथापि जी गोष्ट विचारलीच जात नाही, तिच्या कार्यकारणभावाचा विचार तरी कोठून व्हावा?

आपल्या शेजारचे प्रमाण गोव्याचे आहे. पटेल, रॉड्रिग्ज व डिसूझा यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के माता गर्भारपणीच मानसिक दृष्ट्या अस्वस्थ होत्या. दारिद्र्य, बिघडलेले पतिपत्नीसंबंध आणि जन्मलेल्या अपत्याचे लिंग हे त्यातील महत्त्वाचे घटक होत.

आता भाषेकडे वळू. ‘शारीरिक’ आणि ‘भावनिक’ ही प्रश्नावलीतील विभागणी मराठी क्रियापदांना ठाऊक नाही. मराठीत दगड लागतो तसा शब्दही लागतो. काठी मारतात, तसा टोमणाही मारतात. ‘जिव्हारी लागणे’ हा प्रयोग दोहोंनाही चालतो. शिवाय सामान्य स्त्री ‘माझा भावनिक छळ झाला’ असे म्हणत नाही. ‘टाकून बोलतात’, ‘माझे माहेर काढतात’, ‘चार लोकांत पाणउतारा करतात’ असे ती म्हणते. नामाने विचारलेल्या प्रश्नाला ती ‘नाही’ म्हणेल, आणि क्रियापदाने विचारलेल्या त्याच प्रश्नाला ‘रोजचेच आहे’ असे उत्तर देईल.

दोन शब्दांचा विशेष विचार केला पाहिजे. पहिला ‘सासुरवास’. या शब्दात जाचाचे स्थळ आहे, कर्ता नाही. सासू, नणंद, जाऊ या सर्वांना तो सामावून घेतो, पण पती त्यात असूनही दिसत नाही. पतीच्या जाचासाठी तितका रूढ स्वतंत्र शब्द नसल्याने त्याचे बोलणे सासरच्या सर्वसाधारण बोलण्यात विरून जाते. दुसरा शब्द ‘अबोला’. काय बोलले आणि काय केले, एवढेच प्रश्नावली विचारते. अबोल्यात बोलणे नाही आणि दाखविता येईल अशी कृतीही नाही. गरोदर पत्नीशी आठवडेच्या आठवडे न बोलणाऱ्या पतीचे वर्तन म्हणूनच प्रश्नाच्या जाळ्यातून निसटते.

व्याकरणाचाही येथे संबंध येतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या तिसऱ्या कलमात मूल नसल्यावरून किंवा मुलगा नसल्यावरून केलेली हेटाळणी शाब्दिक व भावनिक छळात गणली आहे. ही व्याख्या सर्वेक्षणाच्या प्रश्नाहून सूक्ष्म आहे यात संशय नाही. परंतु तिची नजर घडून गेलेल्या गोष्टीवर आहे. गर्भारपणीचे बोलणे बहुधा संकेतार्थी असते : ‘या खेपेला मुलगी झाली, तर माहेरीच राहा.’ यात शिवी नाही, इजेची धमकी नाही. बाळंतपणाला माहेरी जाण्याची रूढी असल्याने वाक्य वरवर निरुपद्रवीही भासते. तरीही ते ऐकणारी स्त्री उरलेले महिने त्या ‘तर’च्या धाकात काढते. गोव्यातील अभ्यासात अपत्याच्या लिंगाला जे महत्त्व आढळले, त्याचा या वाक्यरचनेशी संबंध आहे की काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. शब्दांचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो, थट्टा आणि हेटाळणी यांतील सीमा निश्चित करता येत नाही, हा पहिला. त्याचे उत्तर रेसिफेच्या अभ्यासात आहे : एका वाक्यावर निवाडा न देता वारंवारता मोजावी. प्रांतोप्रांतीच्या बोलींतील क्रियापदे निराळी असल्याने तुलना अशक्य होईल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परंतु प्रत्येक भाषेत एकच नाम भाषांतरित करून साधलेली समानता कागदावरची असते. त्या त्या बोलीत त्याच अनुभवाला भिडणारा प्रश्न शोधणे हीच खरी तुलनीयता होय, आणि हे काम भाषाभ्यासकाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली, साहाय्याची व्यवस्था असेल तेथे, गर्भवतीच्या तपासणीत जोडीदाराच्या हिंसेची चौकशी करण्याची शिफारस केली. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयात असे साहाय्य उभे करता येते हे दाखविले आहे. तेव्हा पुढील प्रश्नावल्यांत निदान तीन दुरुस्त्या व्हाव्यात. भावनिक छळाच्या प्रत्येक प्रश्नाला ‘गरोदर असताना’ हा उपप्रश्न जोडावा. नामांऐवजी बोलीतील क्रियापदे वापरावीत. अबोला व अटी घालणे यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे. या विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या जिल्ह्यांतील बोलींतून, स्त्रियांच्या संमतीने व एकान्ताची काळजी घेऊन, अशा क्रियापदांचा संग्रह केल्यास त्या कामाचा आरंभ येथेच होऊ शकेल.