आपत्तीनंतर पोचणारा संशोधक 'आधी'चं कुठून आणणार?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की 'आपत्तीनंतरचे पुनर्वसन' हा विषय बऱ्याच जणांना खुणावतो. विषय चांगलाच आहे. पण गाव सावरलं की नाही, हे कशाशी ताडून बघायचं? यासाठी आज एक अभ्यास नीट वाचू: सिमरन जीत सिंग यांचं निकोबारवरचं काम.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंप आणि त्सुनामीनं निकोबारचा नकाशाच बदलला. ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या आसपास खचली. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले, तिथली माणसं शेजारच्या कामोर्टा बेटावर गेली. मग मदत आली. आधी पत्र्याचे निवारे, पुढे पक्की घरं, आणि बँकेत नुकसानभरपाई. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की ही मदतच दुसरी आपत्ती ठरली. निकोबारी माणूस 'तुहेत'मध्ये, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबात राहणारा. नारळाच्या बागा, डुकरं सगळं सामाईक. मदत मात्र नवरा-बायको-मुलं अशा सुट्या कुटुंबांच्या नावे आली. तुहेत विस्कटलं, गरजा वाढल्या, आणि भरपाई संपली तेव्हा त्या भागवायला उत्पन्न नव्हतं. याला ते 'कॉम्प्लेक्स डिझास्टर' म्हणतात.

एवढं मोठं विधान ते करू शकले, कारण ते तिथं त्सुनामीच्या आधीपासून जात होते. ट्रिंकेटवर लोक कोणत्या कामाला किती वेळ देतात, बेटावर काय येतं, बाहेर काय जातं, याची मोजदाद करणारा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर २००१ चा आहे. ही झाली बेसलाइन. नंतर पोचणाऱ्याकडे असते ती फक्त लोकांची आठवण. ती खोटी नसते, पण आजच्या दुःखातून गाळून आलेली असते.

आता माझी हरकत. समजा तुहेत मोडलं. त्यातलं किती मदतीमुळे आणि किती जमीनच समुद्रात गेल्यामुळे? नवीन नारळ फळाला यायला वर्षं लागतात. एक रुपया आला नसता तरी उत्पन्न बुडणारच होतं. ही दोन कारणं वेगळी करायला तुलना हवी. आणि तुलनेचा एक गट ग्रेट निकोबारवरच होता. १९६९ पासून सरकारनं कॅम्पबेल बे परिसरात माजी सैनिकांची कुटुंबं जमिनी देऊन वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडूची, आणि आपल्या महाराष्ट्राचीसुद्धा. त्यांनाही त्सुनामीनं झोडपलं, त्यांनाही निवारे आणि भरपाई मिळाली. पण ती तुहेतमध्ये राहत नव्हती. त्यांचीही घडी तशीच विस्कटली असेल, तर दोष भरपाईच्या पद्धतीपेक्षा हरवलेल्या जमिनीकडे जास्त जातो. नसेल, तर सिंग यांचं म्हणणं आणखी पक्कं होतं. हा काही आदर्श कंट्रोल नव्हे, दोन्ही समाजांत फरक पुष्कळ आहेत. तरी ही बाजू तपासण्यासारखी आहे. मराठी येणाऱ्या संशोधकाला इथं खरंच काम आहे.

'काय फरक पडतो?' असं विचाराल तर ग्रेट निकोबारकडेच बघा. त्सुनामीनंतर तिथल्या निकोबारींना त्यांच्या जुन्या गावांतून हलवून वसाहतींत ठेवलं. सरकारी कागदावर पुनर्वसन संपलं. लोक मात्र गावी परत जायचं म्हणत राहिले. पुढे त्याच बेटावर बंदर, विमानतळ आणि नवं शहर असा हजारो कोटींचा प्रकल्प आला. आदिवासी परिषदेनं दिलेली ना-हरकत २०२२ मध्ये मागे घेतली. आपली जुनी गावं यात जातील हे आपल्याला सांगितलं नव्हतं, असं परिषदेचं म्हणणं. जे गाव कुणी नोंदवलं नाही, ते नकाशावर रिकामी जमीन दिसतं.

वर्ध्यात बसून हे वाचणाऱ्यांना हे परकं वाटू नये. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. आपल्या गावांतही अभ्यासक येतात ते बहुधा आत्महत्या झाल्यावर. उलट सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं तिथं शिबिराला राहतात, घरोघरी सर्वे करतात. त्या नोंदी संकट यायच्या आधीच्या असतात, हीच त्यांची किंमत.

तेव्हा आरआरसीसमोर जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडा. 'आधी'ची नोंद कुणाकडे आहे: जुना पेपर, जनगणना, ग्रामपंचायतीचं दप्तर? तुलना कुणाशी करणार? आणि 'सावरलं' हे ठरवणार कोण, सरकार, तुम्ही की ती माणसं? निकोबारला जायचं तर ट्रायबल पास लागतो आणि तो मिळायला वेळ जातो. त्या वेळात पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधा. ते सापडलं नाही, तर विषय सोडू नका, पण दावा लहान करा.