पत्ता सांगितला, परवानगीचे काय?

वेब सर्व्हर चालवण्यासाठी 'अपाची' हे सॉफ्टवेअर १९९५ पासून वापरात आहे. त्याच्या माहितीपुस्तिकेत पत्त्याची फाइलशी जोडणी कशी करावी यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. शाळेचे संकेतस्थळ स्वतः उभारू पाहणाऱ्या शिक्षकाला तेथूनच सुरुवात करावीशी वाटेल. प्रकरण सुबोध आहे. पण त्यात एक उणीव आहे आणि ती किरकोळ नाही.

आधी मूळ कल्पना पाहू. ब्राउझरमधला '/चित्रे/मोर' हा पत्ता फाइलच्या जागेसारखा दिसतो. प्रत्यक्षात ती केवळ मागणी असते. एरवी सर्व्हर ती फाइल आपल्या मूळ डिरेक्टरीत शोधतो. 'अलायस' ही आज्ञा वापरून मात्र '/चित्रे/' म्हणजे डिस्कवरील '/साठा/फोटो/' असे ठरवता येते. हजेरीपटावरचा क्रमांक आणि मुलाचे घर यांचा आपापसांत संबंध नसतो, वही पाहून तो जोडावा लागतो, तसेच हे.

इथपर्यंत सारे नेटके आहे. परंतु जागा सापडणे आणि ती उघडण्याची मुभा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अलायसच्या परिच्छेदात दुसरीबद्दल अक्षरही नाही. सर्व्हरला एखाद्या फाइलपर्यंत पोहोचता आले आणि कोणी मनाई लिहून ठेवली नसेल, तर तो ती देऊन टाकतो, हे कळीचे विधान सुरक्षिततेच्या वेगळ्या पानावर ठेवले आहे. अपाचीसोबत येणाऱ्या तयार मांडणीत डिस्कच्या मुळाशीच 'सर्वांना मनाई' असते. म्हणून नवी जोडणी केली की 'प्रवेश नाही' असा संदेश येतो. गोंधळलेला माणूस मग फोटोंपुरती परवानगी देण्याऐवजी मुळाशीच 'सर्वांना परवानगी' लिहून मोकळा होतो. फोटो दिसू लागतात!

याची किंमत सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या २.४.४९ या आवृत्तीत दिसली. पत्त्यातील दोन टिंबे म्हणजे 'एक डिरेक्टरी वर'. अशी टिंबे सर्व्हर आधीच काढून टाकतो. या आवृत्तीत पत्ता तपासण्याची रीत बदलली होती. दुसरे टिंब '%२ई' अशा सांकेतिक रूपात लिहिले की ती फसे. '/चित्रे/.%२ई/गुणपत्रके' ही मागणी थेट '/साठा/गुणपत्रके' येथे पोहोचे. चूक प्रोग्रामची होती, पुस्तिकेची नव्हे. पण जेथे मुळाशी मनाई शाबूत होती, तेथे ही मागणी दारातच अडत होती. ४ ऑक्टोबरची २.४.५० ही दुरुस्तीही अपुरी ठरली. सांकेतिक रूपाचे पुन्हा सांकेतिक रूप केले की वाट मोकळीच! ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली.

'स्क्रिप्टअलायस'ची बोळवण तर एका वाक्यात केली आहे: ती अलायससारखीच, शिवाय तेथील फाइली प्रोग्राम म्हणून चालतात. हे 'शिवाय' फार महागाचे आहे. जेथे अशी सोय चालू होती आणि मुळाशी मनाई नव्हती, तेथे २०२१ च्या त्या चुकीमुळे परक्याला सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवणे शक्य झाले.

लेखकांना धोक्याचे भानच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिम्बॉलिक लिंकचा विषय येताच याच प्रकरणात सुरक्षिततेचा उल्लेख येतो. अलायसच्या संदर्भपानावरही परवानगीची सोय वेगळी करावी लागेल अशी टीप आहे. ती टीप येथे, उदाहरणाच्या लगेच खाली, परवानगीच्या तीन ओळींसह छापायला हवी होती.