शिरीषकुमारवरचं भाषण आणि आपला सिनॉप्सिस

रनाळ्याला घरी गेलो होतो. पुतणीने वर्गात करायचं भाषण वाचायला दिलं: हुतात्मा शिरीषकुमार मेहता. जन्म २८ डिसेंबर १९२६, नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीवर गोळीबार, सोबत आणखी चौघं गेले. माहिती सगळी बरोबर, तरी भाषण पडतं. कारण त्यात प्रश्नच नाही. 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणत चार ओळी जातात, मग तारखा, मग 'एवढे बोलून'. (माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही हेच होतं, चार पानं नुसती पार्श्वभूमी. तुमचाही एकदा उघडून बघा.)

आराखडा प्रश्नाभोवती हवा. मुंबईत ९ ऑगस्टला नेते पकडले गेले. बरोबर महिन्याने नंदुरबारची शाळकरी मुलं रस्त्यावर कशी आली? हा प्रश्न वर ठेवला की काय राहील आणि काय गळेल ते आपोआप ठरतं. मिरवणुकीतली घोषणा गुजराती होती, हे तिने शेवटी कुठेतरी टाकलं होतं. ते वर यायला हवं, कारण चळवळ गुजराती बोलणाऱ्या घरांतल्या पोरांपर्यंत पोचली होती, हे तिथेच दिसतं.

"मग जन्मतारीख खोडू का, काका?"

म्हटलं, खोड, पण पेन्सिलीने.