ग्रहण खरं, मग भविष्य का नाही?



ज्योतिषाला भविष्य कळतं का, असं घरात विचारलं की बहुधा दोन उत्तरं येतात. एक, ‘सगळं थोतांड आहे.’ दुसरं, ‘तुम्ही काहीही म्हणा, आम्हाला प्रचिती आली आहे.’ दोन्ही उत्तरांनी बोलणं तिथेच संपतं. म्हणून आज मी तिसऱ्या एका युक्तिवादापासून सुरुवात करतो. भविष्याच्या बाजूने जे काही बोललं जातं त्यात मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. तो असा: पंचांगात ग्रहणाची वेळ आधी छापलेली असते. त्या वेळेला ग्रहण लागतं, त्या वेळेला सुटतं. ज्या शास्त्राला ग्रहण कळतं, त्याच शास्त्राला माणसाचं भविष्य कळणार नाही, असं कसं?

प्रश्न रास्त आहे. त्याला चेष्टेने उत्तर देऊ नये.

आपल्या परंपरेने ज्योतिषाचे तीन स्कंध मानले: सिद्धान्त म्हणजे गणित, संहिता आणि होरा. ग्रहण येतं ते गणितातून. लग्न कधी होईल, नोकरी टिकेल का, हे येतं होरेतून, म्हणजे फलितातून. कुंडलीत ग्रह कोणत्या राशीत मांडायचा हे गणित सांगतं. तो तिथे असल्यामुळे तुमच्या आयुष्यात काय होईल, हे गणित सांगत नाही. ते वेगळं विधान आहे आणि ते वेगळं सिद्ध करावं लागतं. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी किती वाजता येणार ते बरोबर छापलेलं असतं. म्हणून गाडीतून उतरणारा माणूस तुमचा जावई होणार, हे काही त्यातून निघत नाही.

आता गणिताची गंमत बघा. ते मुळातच बिनचूक होतं असं नाही. गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचलं, तेव्हा आधीच्या ग्रंथांचं गणित आकाशाशी कितपत जुळतं हे त्यांनी तपासलं होतं. पुढे तीनशे-साडेतीनशे वर्षांत ‘ग्रहलाघवा’वरून केलेल्या पंचांगातही फरक दिसू लागला. मग एकोणिसाव्या शतकात केरोपंत छत्र्यांनी नव्या वेधांवर आधारलेलं गणित आणलं, त्यातून पटवर्धनी पंचांग निघालं. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवे ग्रंथ लिहिले. टिळकांनी पंचांग-सुधारणेचा पक्ष घेतला. भांडणं झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द होता: दृक्प्रत्यय. गणित डोळ्यांनी दिसणाऱ्या आकाशाशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर ग्रंथ कितीही पूज्य असो, आकडा बदलायचा.

आज माझं म्हणणं एवढंच आहे. ग्रहणाचं गणित खरं ठरतं, कारण ते खोटं ठरू शकतं. चुकलं तर गावातलं पोर छतावर उभं राहून सांगेल, ‘अजून लागलं नाही.’ चूक दिसते, तिची नोंद होते, गणित सुधारतं. फलिताला असा दृक्प्रत्यय कोणी लावला? भाकीत चुकलं म्हणून फलिताच्या कोणत्या पुस्तकातला कोणता नियम काढून टाकला गेला? मला एकही सापडत नाही.

१९६२ सालची अष्टग्रही आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते. गणित बरोबर होतं, ते आले. पण त्यावरून प्रलयाची भाकितं झाली, देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास टाळले. तारीख उलटली. पृथ्वी होती तिथेच राहिली. मग फलित चुकलं असं कोणी म्हटलं का? सांगितलं गेलं ते हे, की एवढे यज्ञ केले म्हणून संकट टळलं. आता बघा, प्रलय झाला असता तर भाकीत खरं आणि नाही झाला तर यज्ञाचा प्रताप. ज्या विधानाला हरायची सोयच ठेवलेली नाही, ते जिंकलं म्हणण्यात काय अर्थ आहे?

यावर कोणी म्हणेल, हरण्याची सोय ठेवून परीक्षा घ्या की! घेतली आहे, आणि ती आपल्या पुण्यातच. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती योजली. यातले घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे कुंडल्या केल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या आणि विचारलं, यातली कोणती मुलं हुशार, कोणती मतिमंद? एकावन्न जणांनी तयारी दाखवली, सत्तावीस जणांची उत्तरं आली.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी चाळीसात साधारण वीस बरोबर येतात. नुसत्या नशिबाने अठ्ठावीस किंवा जास्त बरोबर येणं शंभरात एखाद्यालाच जमेल, म्हणून ती कसोटी धरली होती. सर्वांत चांगला निकाल चोवीस आला. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या; तिची १०२ उत्तरं बरोबर निघाली, म्हणजे ५१ टक्के. २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे सगळं प्रसिद्ध झालं.

या प्रयोगावरचे आक्षेपही ऐकले पाहिजेत. आई-वडिलांनी सांगितलेली जन्मवेळ चुकीची असू शकते. मान्य; पण रोज ज्या पत्रिका जुळवल्या जातात त्यांच्या जन्मवेळाही तशाच सांगितलेल्या असतात. तिथे चालतात आणि इथे चालत नाहीत? दुसरा आक्षेप, बुद्धी हा फलिताचा विषय नाही. मग ‘मुलाला कोणती शाखा द्यावी’ हे पत्रिकेवरून कसं सांगतात? तिसरी गोष्ट मी स्वतः म्हणतो: हा एक प्रयोग आहे, एका दाव्याचा. त्यातून सगळ्या फलिताचा निकाल लागत नाही. बरोबर. मग ज्यांना दुसरा दावा तपासायचा असेल त्यांनी तो मांडावा, कसोटी आधी ठरवावी आणि निकाल छापावा. पटवर्धनी पंचांगाच्या काळात गणितज्ञांनी हेच केलं.

आता प्रचितीकडे येतो, कारण खरा विश्वास तिथे आहे. ‘त्यांनी सांगितलं ते तंतोतंत पटलं.’ खोटं बोलत नाही कोणी, पटतंच. का पटतं?

१९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती.

आपल्याकडे तीच वाक्यं मराठीत आहेत. ‘पैसा येतो, पण टिकत नाही.’ ‘तुम्ही दुसऱ्यासाठी खूप करता, पण हाताला यश नाही.’ ‘जवळच्याच माणसाने घात केला.’ या सभागृहात ज्याला यातलं एकही वाक्य लागू पडत नाही त्याने हात वर करावा. (हशा) शिवाय समोर बसलेल्या माणसाचं वय बघितलं की प्रश्न अर्धा कळतो. पंचविशीतल्या मुलाबरोबर आई आली असेल तर लग्न नाहीतर नोकरी. पन्नाशीचा माणूस एकटा आला असेल तर कर्ज, आजार नाहीतर कोर्टकचेरी. बाकीचं आपणच बोलता बोलता सांगतो, आणि घरी येऊन म्हणतो, ‘काही न सांगता ओळखलं!’ दहा विधानांतली दोन जुळली ती वर्षभर सांगितली जातात, आठ विसरली जातात. बोलाफुलाला गाठ पडते. फूल मोजतो आपण, नुसते बोल कोणी मोजत नाही.

सगळे ज्योतिषी लबाड असतात, असं मी म्हणत नाही. पुष्कळ जणांची आपल्या विद्येवर निष्ठा असते. अडचणीतल्या माणसाचं अर्धा तास कोणी शांतपणे ऐकून घेतलं तर त्याला बरं वाटतं, तो दिलासा खराच असतो. पण दिलासा खरा असल्याने भाकीत खरं होत नाही.

एवढ्याने कोणाचं काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. बिघडतं, आणि ज्याचं बिघडतं तो बहुधा पत्रिका घेऊन गेलेला नसतो. लग्न जुळवताना काय होतं त्याचा हिशेबच करू.

आपल्याकडच्या रूढ नियमाने पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारापैकी पाच स्थानं. म्हणजे ढोबळमानाने शंभरात बेचाळीस माणसं मंगळाची! एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही, अशा जोड्या शंभरात जवळजवळ एकोणपन्नास. आता नाडी. आद्य, मध्य, अंत्य, तीनच. दोघांची नाडी एक येण्याची शक्यता एक तृतीयांश. या दोनच चाळण्या अक्षरशः लावल्या तर शंभरातल्या चौतीस जोड्या उरतात. सहासष्ट स्थळं माणसं बघायच्या आधीच बाद. छत्तीस गुणांचं बाकीचं गणित अजून केलेलंच नाही.

मग लग्नं होतात कशी? अपवादांमुळे. मंगळ सौम्य आहे, गुरूची दृष्टी आहे, अमुक राशीत दोष लागत नाही. स्थळ पसंत असलं की अपवाद सापडतो. हुंड्याचं किंवा रंगाचं जमलं नाही की मंगळ आठवतो. म्हणजे निर्णय घेतात माणसं आणि सही ग्रहांची. यात ‘पत्रिका जुळत नाही’ हा सभ्य नकार म्हणून चालून जातो, हे मलाही माहीत आहे. पण जिला हा नकार पाच-सहा वेळा मिळतो, तिच्या नावापुढे ‘मंगळाची’ हा शिक्का कायमचा बसतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषावरची सासूला वाईट. चंद्र मूळ नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, दर सत्तावीस दिवसांनी. त्या दिवशी प्रसूतिगृहात जन्मलेल्या प्रत्येक मुलीने एकेका अनोळखी सासऱ्याचं आयुष्य कमी केलं, असं तुम्हाला खरंच वाटतं का? आणि समजा सासरा सत्तराव्या वर्षी हृदयविकाराने गेला, तर बोट कोणाकडे दाखवलं जाईल? इथे फलिताची चूक कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही. तिची किंमत मात्र एका मुलीच्या खात्यावर पडते. या विषयाकडे करमणूक म्हणून बघणं मला जमत नाही, ते यामुळे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: शास्त्र खरं आहे, पण जाणकार राहिले नाहीत, असं असू शकत नाही का?

उत्तर: असू शकतं. मग जाणकार ओळखायचा कसा? ज्याची भाकितं खरी ठरतात तो जाणकार, असं म्हणालात तर पुन्हा नोंद ठेवावीच लागेल. आणि चुकला तो जाणकार नव्हता असं नंतर ठरवायचं असेल, तर ती अष्टग्रहीचीच पळवाट झाली.

प्रश्न: घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. आम्ही काय करावं?

उत्तर: वाद घालू नका. त्यांच्याबरोबर ज्योतिषाकडे जा. मात्र एक वही न्या. पुढच्या वर्षभरात काय होईल याची पाच भाकितं स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. ‘त्रास संभवतो’ नको. काय, कोणाला, कोणत्या महिन्यापर्यंत, ते हवं. खाली तारीख घाला, जमलं तर त्यांचीच सही घ्या. वही देवघरात ठेवा आणि वर्षाने सगळ्यांसमोर उघडा. पाचही खरी निघाली तर मला जरूर बोलवा, मी याच व्यासपीठावरून वाचून दाखवीन. आणि ज्योतिषी लिहून द्यायलाच तयार झाला नाही, तर तुमचं वर्ष वाचलं.